बोटीचा सेल्फ आणि रातोरात उतरणारी बॅटरी

डिझेल इंजिन फिरवून सुरू करायला सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो. १२ व्होल्टच्या मध्यम आकाराच्या इंजिनात तो २०० ते ४०० अँपिअर असतो. त्याच बोटीच्या केबिनमधला एलईडी दिवा अर्ध्या अँपिअरवर भागवतो. ही तफावत ध्यानात न घेतल्याने बरेच चुकीचे निदान होते. दिवे लख्ख लागतात, तेव्हा बॅटरी ठीक आहे असे तांडेल ठरवतो. सेल्फ फिरत नाही, तेव्हा सेल्फ गेला असे खलाशी म्हणतो. बंदरात परतल्यावर नवी बॅटरी येते आणि आठवड्याभरात तीही उतरते.

दोष दोघांच्याही नजरेआड, एखाद्या जोडात असू शकतो. समजा, तारेच्या टोकावरच्या गंजलेल्या लगमुळे (जोडणीच्या कडीमुळे) फक्त ५ मिलिओहम रोध तयार झाला आहे. अर्ध्या अँपिअरच्या दिव्याला त्यात अडीच मिलिव्होल्ट गमवावे लागतात, ते डोळ्यांना कळतही नाही. सेल्फ ४०० अँपिअर मागतो तेव्हा तोच जोड २ व्होल्ट गिळतो आणि इंजिन जागचे हलत नाही. म्हणून बोटीवरच्या विजेच्या तक्रारीत खरेदी शेवटी करावी आणि मोजमाप आधी. साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटच्या मोटारीच्या बल्बचा टेस्ट लॅम्प आणि एक हायड्रोमीटर एवढ्या सामानावर बहुतेक दोष सापडतात.

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पान्याने धन-ऋण टर्मिनल एकत्र टेकले तर पाना तापून लाल होतो आणि अंगठी मध्ये आली तर बोट जाते. चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. बंद इंजिन रूममध्ये तो साठतो, त्यामुळे झाकणे उघडून हवा खेळती करावी आणि विडी-सिगारेट बाहेर ठेवावी. बॅटरी खोलताना ऋण तार आधी काढावी, जोडताना ती शेवटी लावावी.

आवाजावरून पहिला अंदाज

किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर काय होते, त्यावरून निम्मी वाट मोकळी होते. त्या वेळी केबिनमधला एक दिवा चालू ठेवून त्याच्याकडे कोणाला तरी बघायला सांगावे.

‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज येऊन दिवा मंदावत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा मोठ्या तारेचा जोड ढिला आहे. एकच जड ‘टक्’ होतो आणि दिवा जवळपास तसाच राहतो, तेव्हा सॉलिनॉइड, म्हणजे सेल्फला मोठा प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच, ओढला गेला पण त्याचे आतले संपर्क जळाले आहेत किंवा सेल्फचे कार्बन झिजले आहेत, असा संशय घ्यावा. तोच ‘टक्’ होऊन दिवा एकदम खूप मंद झाला, तर सेल्फ प्रवाह घेतो आहे पण फिरू शकत नाही. एक तर सेल्फ आत अडकला आहे किंवा इंजिनच जाम आहे. दिवा पूर्ण विझला आणि किल्ली सोडल्यावर पुन्हा लागला तर टर्मिनलच्या जोडाकडेच जावे.

काहीच आवाज नाही आणि दिवा ठणठणीत आहे, अशा वेळी मोठ्या तारांना हात लावण्याआधी बारीक वाट तपासावी: किल्लीचा स्विच, फ्यूज, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ चालू न देणारा स्विच आणि सॉलिनॉइडकडे जाणारी बारीक वायर. गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये थोडी पुढे-मागे हलवून सेल्फ चालला, तर दोष त्या स्विचमध्येच आहे. सेल्फ ‘घुर्र’ करून नुसताच फिरत राहिला, तर त्याचा दातेरी चाकाचा भाग फ्लायव्हीलला धरत नाही. इंजिन जोमात फिरूनही पेटत नसेल, तर विजेचा शोध थांबवून डिझेल, हवा आणि इंजिन बंद करणारा स्टॉप सॉलिनॉइड पाहावा. अनेकांची भरलेली बॅटरी नेमकी इथेच संपते, कारण टाकीत डिझेल नसताना सेल्फ मारत राहिले जाते.

इंजिन अचानक अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये. एक्झॉस्टमधून समुद्राचे पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजिन हाताने फिरवून बघावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर विश्रांती द्यावी.

बॅटरी खरोखर किती भरलेली आहे

चार्जिंग बंद झाल्या-झाल्या व्होल्टेज मोजले तर ते फसवे चढलेले दिसते. बॅटरी काही तास निवांत ठेवून मोजावे. तेवढा वेळ नसेल तर पाच मिनिटे मोठे दिवे लावून, बंद करून, थोडे थांबून मोजावे. १२ व्होल्टच्या बॅटरीत विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० च्या खाली ती जवळपास रिकामी. ‘बारा व्होल्ट आहे, म्हणजे बरोबर आहे’ हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

खरा कस सेल्फ मारतानाच लागतो. मीटरचे टोक थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरावे, लगवर नव्हे, आणि डिझेल बंद ठेवून सेल्फ मारावा. व्होल्टेज १० च्या आसपास किंवा वर टिकले तर बॅटरी चांगली आहे. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९ च्या खाली कोसळली, तर तिच्यात जीव उरलेला नाही किंवा एखादा सेल बसला आहे. २४ व्होल्टच्या बोटीवर हे आकडे दुप्पट धरावेत, पण दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. एक बसलेली असली तरी बेरीज कधी कधी बरी दिसते.

पाणी टाकता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर अधिक सांगून जातो. आपल्या हवामानात सेल्फच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता १.२५० च्या आसपास असते. सहाही सेल सारखे उतरलेले असतील तर बॅटरी फक्त भुकेली आहे, चार्जिंगला लावावी. पाच सेल १.२४० दाखवतात आणि सहावा १.१६०, तर चार्जिंगने ती सुधारणार नाही. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे, नळाचे किंवा बाटलीबंद मिनरल पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आणि समुद्राचे पाणी सेलमध्ये गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. इंजिन रूममध्ये पाणी शिरण्याची सवय असलेल्या बोटीवर बॅटऱ्या बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साठते त्या बोटीच्या तळाशी, ठेवणे हा मूर्खपणा आहे. त्या उंच, बांधून आणि झाकणाच्या पेटीत असाव्यात.

जोडात हरवणारे व्होल्ट

ही चाचणी सर्वांत कमी केली जाते आणि सर्वांत जास्त दोष तीच पकडते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या धन बोल्टवर धरावे. सॉलिनॉइड सेल्फवरच असेल तर त्याच्या पलीकडचा, मोटरकडे जाणारा बोल्ट घ्यावा. सेल्फ बंद असताना या मोजणीला अर्थ नाही. सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे आणि त्याच क्षणी आकडा वाचावा. हा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. १२ व्होल्टच्या बोटीवर तो अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा.

मग तेच ऋण बाजूला: एक टोक ऋण खुंटावर, दुसरे सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंगची तार, इंजिनावरचा तिचा बोल्ट किंवा त्याखालचा रंग आणि गंज कारणीभूत आहे. धन बाजू सगळे तपासतात. ऋण तार इंजिनाच्या ब्लॉकला जिथे कसलेली असते, तिथे तेल, रंग आणि मीठ यांचा थर बसलेला असतो, तो मात्र वर्षानुवर्षे कोणी खोलत नाही.

नुकसान जास्त निघाले की मीटरचे टोक एकेक टप्पा पुढे सरकवत जावे: खुंट ते लग, लग ते मेन स्विचचा अलीकडचा बोल्ट, स्विचचा अलीकडचा ते पलीकडचा बोल्ट, तिथून सॉलिनॉइड, सॉलिनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी घेतो, तिथे दोष. एका जोडात ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त जाऊ नये. बॅटरीचा खुंट आणि त्यावर घट्ट बसलेला लग यांच्यामध्येच दीड व्होल्ट हरवताना दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. वरून लग चकचकीत असतो, खोलल्यावर आत काळपट थर निघतो.

तारेचे दुखणे बऱ्याचदा लगच्या आत असते. बिनकल्हईच्या तांब्याच्या तारेत खारी ओल केशाकर्षणाने आत चढते आणि तांब्याच्या भांड्यात दही कळकते तशी तार आतून हिरवी पडते. लगजवळचे प्लास्टिक बोटभर सोलून बघावे. तांबे लालसर निघाले तर ठीक, हिरवे-काळे आणि ठिसूळ निघाले तर चांगला भाग येईपर्यंत कापावे. तार त्यानंतर पुरत नसेल तर संपूर्ण बदलावी, मध्ये गाठ मारून टेप गुंडाळू नये. नवी तार कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी, लग यंत्राने दाबून बसवावा आणि त्यावर आतून चिकट असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग वर्षभरात परत येतो.

खुंट आणि लग पॉलिश पेपरने घासून, कोरडे करून, घट्ट कसून मगच वरून व्हॅसलीन लावावे. आधी लावून मग कसण्याची पद्धत चुकीची आहे. बॅटरीच्या माथ्यावरची ॲसिडची ओल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी, झाकणे बंद ठेवून, सोडा आत जाऊ न देता.

सेल्फपर्यंत पूर्ण व्होल्ट पोहोचत असतील, सॉलिनॉइडच्या बारीक वायरवर व्होल्टेज येत असेल आणि तरीही तो फिरत नसेल, तरच सेल्फ उतरवून मिस्त्रीकडे न्यावा. तिथे कार्बन, बुश आणि संपर्क बदलून तो सहसा सुधारतो. पान्याने सॉलिनॉइडचे बोल्ट जोडून इंजिन सुरू करण्याची युक्ती किनारपट्टीवर सर्वांना येते. ती न्यूट्रलच्या स्विचला बगल देते. गिअर लागलेला असला तर बोट धक्क्याला बांधलेली असतानाच पंखा फिरू लागतो.

चार्जिंग होते का

इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे आणि खुंटांवर व्होल्टेज मोजावे. १३.८ ते १४.४ दरम्यान असेल तर आल्टरनेटर आणि रेग्युलेटर काम करत आहेत. १२.६ वरच थांबले असेल तर आधी पट्टा बघावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. घसरणाऱ्या पट्ट्याखाली काळी भुकटी पडलेली दिसते. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून पाणी गमावते. वारंवार पाणी घालावे लागते, ही त्याची खूण.

चार्जिंगचा लाल दिवा किल्ली लावल्यावर पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हे रोज बघण्यासारखे आहे. पुष्कळ आल्टरनेटरना सुरुवातीचे चुंबकत्व त्याच दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाने मिळते. दिवा जळून गेला की आल्टरनेटर चांगला असूनही कमी गतीवर चार्ज करत नाही आणि दोष दिसावा म्हणून लावलेला दिवाच दोष होऊन बसतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करू नये. प्रवाहाला जायला जागा न मिळाल्याने व्होल्टेज उसळते आणि आल्टरनेटरचे डायोड उडतात.

आल्टरनेटर निरोगी असूनही हिशेब चुकलेला असू शकतो. जाळे टाकून रात्री इंजिन बंद ठेवलेल्या बोटीवर नेव्हिगेशनचे दिवे, वायरलेस, फिशफाइंडर आणि केबिनचे दिवे मिळून ६ अँपिअर घेतात असे धरले, तर दहा तासांत ६० अँपिअर-तास गेले. ते परत भरायला ७० हून अधिक लागतात. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते. सकाळी तासभर इंजिन चालवून ही भरपाई होत नाही. रोज थोडी कमी भरलेली बॅटरी काही महिन्यांत मरते आणि दोष कंपनीवर जातो.

बोट उभी असताना बॅटरी उतरते

पहिली चाचणी अगदी सोपी आहे, तरीही ती टाळली जाते. बॅटरी पूर्ण भरून दोन्ही तारा काढाव्यात, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज मोजावे. तारा काढलेल्या असतानाही १२.६ चे १२.२ झाले, तर गळती बॅटरीच्या आत आहे. वायरिंग शोधत बसू नये. आकडा टिकला तर गळती बोटीत आहे.

मग सर्व स्विच बंद करून, मेन स्विच चालू ठेवून, ऋण तार काढावी आणि तार व खुंट यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प ठळक पेटला तर गळती मोठी आहे, मीटर लावण्याची घाई करू नये, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल. लॅम्प पेटला नाही तर त्या जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत तार घालून जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फला हात लावायचा नाही. २० ते ५० मिलिअँपिअर ही उपकरणांच्या घड्याळ-स्मृतीची नेहमीची भूक आहे. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत अर्धी.

आता फ्यूज एकेक काढावेत. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. बोटीवर नेहमी सापडणारे चोर म्हणजे बिल्ज पंपाचा अडकलेला फ्लोट स्विच, बंद न झालेला रिले, सिगारेट सॉकेटमध्ये विसरलेला मोबाइल चार्जर आणि वायरलेस किंवा गाण्याच्या ॲम्प्लिफायरची थेट बॅटरीवर लावलेली वायर. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर आल्टरनेटरची जाड तार काढून बघावी. डायोड गळका झाला की बॅटरी रात्रभर आल्टरनेटरमध्ये उतरते. त्याची एक खूण हाताला कळते: इंजिन कित्येक तास थंड असताना आल्टरनेटरचे अंग किंचित कोमट लागते.

बिल्जच्या पाण्यात बुडालेला जोड आणखी घातक असतो. धन वायरचे प्लास्टिक सोलले गेले की प्रवाह खाऱ्या पाण्यातून वाट काढतो. बॅटरी उतरते ती उतरते, शिवाय जवळचा पितळी व्हॉल्व्ह किंवा शाफ्ट झपाट्याने खाल्ला जातो. अशा बोटीत पाणी शिरण्याचे कारण मग वीज ठरते.

२४ व्होल्टच्या मासेमारी बोटींवर एक घोळ सर्रास दिसतो. वायरलेस किंवा जीपीएसला १२ व्होल्ट हवे म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर काढली जाते. ती एक रोज जास्त उतरते. आल्टरनेटर मात्र दोघींना सारखाच प्रवाह देतो, त्यामुळे पहिली कायम उपाशी राहते आणि दुसरी अति चार्ज होऊन पाणी उडवते. दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि जोडीतल्या बॅटऱ्या नेहमी एकाच वेळी, एकाच मापाच्या बदलाव्यात.

बंदीचे दोन महिने

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथे बोटी ओढून शाकारल्या जातात आणि बॅटऱ्या पुष्कळदा तशाच आत राहतात. ५० मिलिअँपिअरची किरकोळ गळतीही ६१ दिवसांत ७३ अँपिअर-तास नेते. उतरलेल्या प्लेटवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि मोसमाच्या तोंडावर बॅटरी चार्ज घेईनाशी होते. बॅटरी पूर्ण भरून, पुसून, काढून घरी न्यावी, हवेशीर कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. बोट पाण्यात गेल्यावर बंदरातच, धक्क्याला बांधलेली असताना, वरच्या तिन्ही मोजण्या कराव्यात: विश्रांतीचे, सेल्फ मारतानाचे आणि चार्जिंगचे व्होल्टेज. ते बोटीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी तुलना करता येते.

समुद्रात सेल्फ बोलला नाही तर

प्रथम नांगर टाकावा, मग दोष शोधावा. वाऱ्याने बोट खडकाकडे सरकत असताना मीटर हातात घेण्यात अर्थ नाही. अनावश्यक दिवे आणि पंप बंद करून बॅटरीला वीस मिनिटे विश्रांती द्यावी, टर्मिनल हाताने पिळून बघावेत, ढिले असतील तर कसावेत. दिव्यांची वेगळी बॅटरी असेल तर ती जंपर तारेने जोडता येते: आधी धन ते धन, मग ऋण तार, आणि तिचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे ठिणगी गॅसजवळ पडत नाही.

वायरलेस सेल्फच्या बॅटरीवर नसावा, हे यासाठीच. सेल्फ मारून मारून ती संपली की मदत मागण्याचा रस्ताही तिच्याबरोबर बंद होतो. व्हीएचएफवर मदतीची हाक १६ क्रमांकाच्या चॅनेलवर द्यायची असते आणि मोबाइलची रेंज असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक निःशुल्क आहे.